पौर्णिमेनंतरचा रविवार

नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की लोक त्यात सुट्ट्या शोधतात. बँकेतला माणूस आधी मार्चचं पान उलगडून पाहतो, आणि तिथे सुट्ट्या नसाव्यात अशी प्रार्थना करतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एखादा शुक्रवार लाल दिसला की आमच्या साहेबांच्या कपाळावर आठी पडायची. वर्षअखेरीचं काम, त्यात सुट्टी. माझी सारी नोकरी मुंबईत झाली. गुड फ्रायडे येतोय हे मला दर वर्षी दोन महिने आधी कळायचं. ईस्टर येतोय हे मात्र कधीच कळलं नाही. कळलं ते एकदाच, 2002 साली, आणि तेही ईस्टर येऊन दारात उभा राहिल्यावर.

त्या वर्षी गुड फ्रायडे 29 मार्चला होता. धुळवडही त्याच दिवशी. दोन सुट्ट्या एकात गेल्या म्हणून शाखेत आठवडाभर हळहळ चालली होती. 31 मार्चला रविवार, म्हणजे हिशेब पुरे करायला सगळ्यांना यावं लागणार हे उघड होतं. आमच्यात वसईचा एक जण होता, खतावणीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. साहेब त्याला मोठ्या मनाने म्हणाले, “तुमचा सण शुक्रवारी आहे ना, शुक्रवारी तुम्ही अजिबात येऊ नका. रविवारी मात्र सकाळी दहाला हजर.” तो “बरं साहेब” म्हणाला. रविवारी दहाला आला. डोळे तांबारलेले, हातात घरच्या केकचा डबा. रात्री दीडला चर्चमधून घरी पोचलो, म्हणाला. “कसला केक रे?” मी विचारलं. “आज ईस्टर,” तो म्हणाला आणि खतावणी उघडून बसला.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होतं की त्याचा सण शुक्रवारी झाला. कॅलेंडरमध्ये लाल शुक्रवारच होता. रविवार काय, दर आठवड्याला लाल असतो.

आपल्याकडे ईस्टरची गोची इथेच आहे. केंद्र सरकारच्या सक्तीच्या सुट्ट्यांत गुड फ्रायडे आहे, बँका बंद, शेअर बाजार बंद. तो दिवस येशूला क्रुसावर खिळल्याचा, मराठी चर्चमध्ये ‘उत्तम शुक्रवार’ किंवा ‘शुभ शुक्रवार’ म्हणतात तरी शोकाचा. आनंदाचा दिवस तिसरा, पुनरुत्थानाचा, आणि तो कायम रविवारी. म्हणजे सुट्टी मिळते ती सुतकाला, सण जातो साप्ताहिक सुट्टीत विरघळून. ईस्टरनंतरचा सोमवार इथे कामाचा दिवस. मग ‘हॅपी गुड फ्रायडे’चे संदेश येतात, आणि ते पाठवणाऱ्यांना हसण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. सरकारी यादीने त्यांना जेवढं दाखवलं तेवढंच त्यांनी पाहिलं.

पण नुसत्या यादीवर ठपका ठेवून भागत नाही. ईस्टर लक्षात न राहण्याचं दुसरं कारण त्याच्या तारखेत आहे. नाताळ 25 डिसेंबरला पक्का. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल या पस्तीस दिवसांत कुठेही पडतो. ख्रिस्ती मित्राला विचारलं तर तोही पुष्कळदा “थांब, बघून सांगतो” म्हणतो. नियम मात्र आपल्याला परका वाटू नये असाच आहे: वसंतसंपाताच्या दिवशी किंवा नंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. सगळ्यांनी एकाच रविवारी सण करावा हे इ.स. 325 मध्ये निकायच्या परिषदेत ठरलं. संपाताचा दिवस म्हणून 21 मार्च धरला गेला, पौर्णिमेसाठी कोष्टकं झाली. मूळ गाभा ज्यूंच्या सणाचा, ज्याला मराठी बायबलात ‘वल्हांडण’ असा अस्सल शब्द आहे. तोही पौर्णिमेचा. थोडक्यात, नाताळ तारखेने चालतो आणि ईस्टर तिथीने.

हे एकदा डोक्यात शिरल्यावर मी निवृत्तीच्या रिकामपणात जुनी कॅलेंडरं काढून बसलो, आणि जे दिसलं त्याची मला आजही गंमत वाटते. 2023 साली हनुमान जयंती 6 एप्रिलला, गुड फ्रायडे दुसऱ्या दिवशी. 2026 मध्ये हनुमान जयंती 2 एप्रिलला, गुड फ्रायडे 3 एप्रिलला. 2022 मध्ये 16 एप्रिलला हनुमान जयंती, 17 ला ईस्टर. चैत्री पौर्णिमा झाली की येणारा पहिला रविवार बघायचा, झालं. अधिक मास येऊन गेला की पुढच्या वर्षी आपले सण उशिरा सरकतात आणि मग पुष्कळदा ईस्टर चैत्र पौर्णिमेऐवजी होळीच्या पौर्णिमेला धरून येतो. 2002 मध्ये तसंच झालं, 2016 मध्ये, 2021 मध्ये, 2024 मध्येही. 2027 मध्ये होळी 22 मार्चला आणि ईस्टर 28 ला.

आता एवढ्यावर थांबवेना म्हणून मागे मोजत गेलो. ईस्टरच्या शेहेचाळीस दिवस आधी राखेचा बुधवार. तिथून उपवासकाळ सुरू होतो, मधले रविवार सोडून चाळीस दिवसांचा. त्या बुधवारी चर्चमध्ये भाविकांच्या कपाळावर राख लावतात. महाशिवरात्रीपासून चैत्री पौर्णिमाही साधारण शेहेचाळीस दिवसांवर असते. म्हणून 2022 मध्ये महाशिवरात्र 1 मार्चला आणि राखेचा बुधवार 2 मार्चला, 2026 मध्ये एक 15 फेब्रुवारीला आणि दुसरा 18 ला. एकाच आठवड्यात कुणाच्या कपाळी भस्म, कुणाच्या कपाळी राख. यात कुणी कुणाकडून काही उचललं असं मला म्हणायचं नाही. दोघांच्या डोक्यावर चंद्र एकच आहे, एवढंच. मला मात्र निवृत्त होईपर्यंत हे दिसलं नव्हतं.

चंद्र एकच असला तरी तो कुणाचा खरा, हा घोळ तिथेही आहे. ईदचा चंद्र डोळ्यांनी पाहतात, ईस्टरचा चंद्र कोष्टकात राहतो. 2019 मध्ये संपात आणि खरी पौर्णिमा काही तासांच्या अंतराने एकामागोमाग आले. आकाशाकडे पाहून ठरवलं असतं तर ईस्टर 24 मार्चला आला असता. कोष्टकातली पौर्णिमा 20 मार्चला होती, एका दिवसाने हुकली, आणि ईस्टर गेला 21 एप्रिलला. त्या वर्षी हनुमान जयंती आणि गुड फ्रायडे दोन्ही 19 एप्रिलला. असा घोळ आपल्याकडेही होतो: आमच्या रत्नागिरीकडच्या नातलगांत टिळक पंचांग मानणारे आहेत, त्यामुळे गणपती कधी बसवायचे यावर घरात दोन तट पडलेले मी पाहिले आहेत. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चेस अजून जुन्या जुलियन गणिताने चालतात, त्यांचा ईस्टर बहुधा वेगळ्या रविवारी. 2025 मध्ये दोन्ही 20 एप्रिलला एकत्र आले, निकायच्या परिषदेला सतराशे वर्षं झाली त्याच वर्षी.

जिथे ईस्टर बहुसंख्यांचा आहे तिथे तरी तो येताना दिसतो का? माझा भाचा इंग्लंडात रेडिंगला असतो. त्याच्या सांगण्यावरून, दिसतो, पण अंड्यांमधून. नाताळची मांडणी उतरली की दुकानांत चॉकलेटची अंडी चढतात. शाळांना दोन आठवडे सुट्टी, कचेऱ्यांना शुक्रवार ते सोमवार सलग चार दिवस. पहिल्या वर्षी हे चार दिवस घरीच काढायचे ठरवून नवरा-बायको रविवारी सामान आणायला निघाले, तर मोठी दुकानं बंद. 1994 च्या कायद्याने तिथे ईस्टरच्या रविवारी मोठी दुकानं उघडता येत नाहीत. “मामा, त्या दिवशी आम्हाला ईस्टर कळला,” तो म्हणाला. “घरात दोन बटाटे होते.”

इंग्रजांनी चंद्राचा कंटाळाही केला आहे. 1871 मध्ये सर जॉन लबक यांच्या कायद्याने ईस्टरचा सोमवार बँकांच्या सुट्टीचा झाला. गुड फ्रायडे आणि नाताळ आधीपासूनच रूढीने सुट्ट्या होत्या. पुढे शाळांच्या सत्रांना आणि व्यापाराला सरकती तारीख डाचू लागली. 1928 मध्ये त्यांच्या संसदेने कायदाच केला: एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारनंतरचा रविवार हाच ईस्टर. चर्चेसचं एकमत होईना, म्हणून तो कायदा मंजूर होऊनही कधी अमलात आला नाही. अजूनही तो तसाच पडून आहे. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा व्हिट मंडे मात्र त्यांनी 1971 मध्ये चंद्रापासून सोडवला आणि मेच्या शेवटच्या सोमवारी नेऊन बांधला. आज ती सुट्टी उपभोगणाऱ्या किती जणांना तिचं मूळ ठाऊक असेल! सुट्टी सणापासून तोडली की सुट्टी मजेत जगते. सणाचं काय होतं ते कुणी विचारत नाही.

उलट बाजूचीही एक गोष्ट आहे. 2019 साली दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवच्या प्रशासनाने गुड फ्रायडे सक्तीच्या सुट्ट्यांतून काढून ऐच्छिक यादीत टाकला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि सुट्टी परत मिळाली. मला तेव्हा वाटलं होतं, एका सुट्टीसाठी कोर्टात कशाला जायचं? मग वसईच्या मित्राशी बोललो. तो म्हणाला, “तुमचा सण कॅलेंडरमध्ये नसला तरी रस्त्यावर असतो. आमचा कॅलेंडरमधून गेला की गेलाच.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला चतुर्थ्या माहीत असायच्या, अनंत चतुर्दशीला कुठली लोकल पकडायची ते माहीत असायचं, श्रावणात माझ्या डब्यात काय असणार हेही. हे त्याने कुठे शिकून घेतलं नव्हतं. ढोल कानावर पडतात, झेंडूचे ढीग पायात येतात. थोड्यांना पुष्कळांचे सण आपोआप कळतात, पुष्कळांना थोड्यांचे सण मुद्दाम पाहावे लागतात. भाच्याला हे तिकडे जाऊन उमगलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याची रजा असते, सुट्टी नसते, आणि वरिष्ठ प्रेमाने विचारतात, “तुमचं ते दिव्यांचं काय ते, मागच्या महिन्यात झालं ना?” त्यांचंही बरोबरच. मागच्या वर्षी खरंच आधीच्या महिन्यात होतं.

वसईत मात्र ईस्टर येताना कुणालाही कळेल, डोळे उघडे हवेत. लग्नाचे मांडव उपवासकाळात दिसेनासे होतात. दर शुक्रवारी क्रुसाची वाट, चौदा ठिकाणी थांबत केलेली प्रार्थना. पुष्कळ घरांत मांस-मच्छी बंद, आणि वसईच्या माणसाने मासळी सोडणं म्हणजे काय हे कोकणातल्याला वेगळं सांगायला नको. गोव्यात तर आधी कार्निव्हलचे चार दिवस धिंगाणा होतो आणि बुधवारी सकाळी सगळं एकदम शांत. शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या घंटा मुक्या होतात त्या शनिवारच्या रात्रीपर्यंत, मधे वाजवायचीच वेळ आली तर लाकडी खटखट्या. शनिवारी रात्री चर्चबाहेर अंधारात नवा अग्नी पेटवतात, त्यावर मोठी मेणबत्ती लावून आत नेतात, आणि घंटा पुन्हा वाजतात. 2002 च्या त्या रविवारी मित्राचे डोळे तांबारले होते ते यामुळे.

यात एक तपशील मला फार आवडतो. ईस्टरच्या आधीचा रविवार झावळ्यांचा. आशीर्वादित झावळ्या लोक घरी नेतात, त्यांचे विणून क्रूस करतात, तसबिरीमागे खोचून ठेवतात. वर्षभर त्या तिथे वाळत राहतात. पुढच्या वर्षी चर्चमध्ये परत जमा करायच्या, त्या जाळून त्यांची राख करायची, आणि तीच राख बुधवारी कपाळावर. म्हणजे ईस्टर येतोय याची पहिली वर्दी गेल्या वर्षीच्या झावळीतून मिळते. यासाठी ना बाजार लागतो, ना सरकारी राजपत्र. आपल्याकडे भाजणीचा वास हीच दिवाळीची वर्दी असे. आता ती फोनवर सेलच्या जाहिरातीतून येते, तीही नवरात्राच्या आधीच.

ईस्टर 31 मार्चला येण्याचा योग माझ्या नोकरीच्या काळात 1991, 2002, 2013 असा अकरा-अकरा वर्षांनी आला, आणि निवृत्तीनंतर 2024 मध्ये. त्या वर्षीही शुक्रवार 29 तारखेचाच. वर्षअखेर रविवारी आली म्हणून सरकारी व्यवहार पाहणाऱ्या बँकांच्या शाखा त्या रविवारी उघड्या ठेवायचा आदेश रिझर्व्ह बँकेने काढला होता. पेपरात ते वाचलं आणि मित्राला फोन लावला. म्हटलं, “दहाला हजर व्हायचंय, माहीत आहे ना?” पलीकडून हसू आलं, मागे भांड्यांचा आवाज. “साहेबांना सांग, या वेळी खतावणी तूच बघ,” तो म्हणाला. “आणि ती झाली की जेवायला ये. वहिनींनाही आण.”

गाडी रिकामी होती. त्याच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात पोरं धावत होती, आतून मटणाचा वास येत होता. चाळीस दिवसांनी शिजत होतं. हॉलमधल्या तसबिरीमागे झावळीचा क्रूस खोचलेला होता, बोटभर रुंद पात्यांचा, त्याच्या नातीने विणलेला. आठच दिवस झाले होते. अजून हिरवा होता.