मोडलेल्या संसारावर हसावे का?

सज्जनहो, पैठणहून पंढरीला निघालेली नाथमहाराजांची पालखी आपल्या बीड जिल्ह्यातून जाते. नाथांचे रोडग्याचे भारूड तुम्ही ऐकलेच असेल. त्यातली सून भवानीआईला नवस बोलते. सासू, सासरा, जाऊ यांच्यापासून थेट दादल्यापर्यंत सर्वांपासून सुटका मागते आणि शेवटी एकटेपण मागते. आयाबाया पदर तोंडाला लावून हसतात. ही नाती म्हणजे विकार, आणि ते एकटेपण म्हणजे देवाशी एकरूप होणे, असा अर्थ महाराज सांगतात आणि आपण माना डोलावतो.

मग विचारावेसे वाटते, गावातली सोडचिठ्ठी झालेली मुलगी आपल्या मोडलेल्या संसाराची गोष्ट हसत सांगू लागली, तर आपल्या कपाळाला आठी का पडते?

आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाची उचल जोडीवर मिळते. मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे पूर्ण हवीत, असा कायदा असूनही शाळेच्या वयात लग्ने लागतात, त्याचे हे एक कारण. त्यातली काही लवकरच मोडतात. एकट्या मजुराला फडावर 'अर्धा कोयता' म्हणतात. हे मजुरीचे माप झाले. माहेरी परतलेल्या लेकीला आपण त्याच मापाने मोजू लागलो, तर तो अधर्म होय.

बालपणी लावलेले लग्न सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत न्यायालयातून रद्द करून घेता येते, अशी सोय २००६ च्या कायद्यात आहे. कागदावरची गाठ न्यायालय सोडवील. लोकांच्या नजरेतली गाठ आपणच सोडवायची आहे.

कोणी म्हणेल, अशा हसण्याने संसार थिल्लर ठरतो. हसण्याचे दोन प्रकार ओळखावेत. पारावर बसून तिला हसणे ही निंदा. तिने आपल्याच फजितीवर हसणे म्हणजे दुःखापेक्षा आपण मोठे आहोत, हे तिला उमगणे. हसल्यावर कोणाचे ओझे उतरले, एवढे पाहावे.

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, तेव्हा समोरची माउली नांदती की परतलेली, हे विचारत नाही. तोच नियम घरी पाळावा. लेक पुन्हा परीक्षेला बसली, शिलाईचे यंत्र घेऊन बसली, तर 'दुसरे कधी?' असे विचारू नये. ती हसली, तर तिच्यासोबत मनमोकळे हसावे.

रामकृष्णहरी.