‘आमच्याकडे जमणार नाही’

सेरेब्रल पाल्सी असलेल्या किंवा स्वमग्न मुलाला घेऊन दंतवैद्याकडे जाणाऱ्या पालकांना जे उत्तर अनेकदा ऐकावे लागते, ते उद्धट नसते. ‘आमच्याकडे जमणार नाही, मोठ्या इस्पितळात दाखवा,’ असे अगदी सौजन्याने सांगितले जाते. ह्या उत्तराचे नैतिक मोल काय, हा प्रश्न आम्हांला येथे मांडावयाचा आहे. उत्तर देणारा खोटे बोलत नाही. त्याला खरोखरच जमत नाही. ज्याला पोहता येत नाही, त्याने बुडणाऱ्यासाठी उडी घेतली नाही म्हणून आपण त्याला निर्दय म्हणत नाही. परंतु दंतवैद्य हा काठावरून जाणारा वाटसरू नव्हे. त्याला पाच वर्षे ह्याच पाण्यात उतरविले गेले होते. मग त्याला हे एवढेच पोहणे कोणी शिकविले नाही?

येथे केवळ कनवाळू अंतःकरण पुरत नाही, हे थोड्या तपशिलाने पाहू. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या हिरड्यांना रोग तरुणपणीच जडतो आणि न किडलेले दातही हलू लागतात. अशा व्यक्तींपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो, आणि काही हृदयदोषांत दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक देणे आवश्यक ठरते. फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन घेणाऱ्याच्या हिरड्या दातांवर चढतात. रोज रात्री गोड सिरप पाजले जाणाऱ्या मुलाचे दात औषधानेच किडतात. सेरेब्रल पाल्सीत तोंड उघडते आणि रुग्णाच्या इच्छेविरुद्ध घट्ट मिटते. त्याला खुर्चीत पूर्ण आडवे केले तर गिळणे अवघड होते. हिमोफिलियाच्या रुग्णाला खालच्या जबड्यात बधिरतेचे इंजेक्शन पूर्वतयारीविना दिले, तर घशाच्या आसपास रक्तस्राव होऊन श्वासच धोक्यात येऊ शकतो. आणि ज्याला बोलता येत नाही, त्याची दाढ दुखते तेव्हा तो जेवण ढकलून देतो, स्वतःच्या गालावर मारून घेतो. घरचे आणि डॉक्टरही म्हणतात, त्याचा स्वभावच तसा. ठणकणाऱ्या दाढेला स्वभाव म्हणणे ह्याहून मोठा अन्याय कोणता, असे आम्हांला वाटते, आणि तरी तो करणाऱ्या कोणाच्याही मनात दुष्टावा नसतो.

हे ज्ञान दुर्मीळ किंवा गूढ नाही. ‘आधी सांगा, मग दाखवा, मग करा’ ही रीत ॲडलस्टन ह्यांनी 1959 मध्येच मांडली. पहिल्या भेटीत रुग्णाने नुसते खुर्चीवर बसावे, दुसऱ्या भेटीत आरसा हातात घ्यावा, तिसऱ्या भेटीत दात मोजू द्यावेत. ज्याला यंत्राचा आवाज आणि डोळ्यांवरचा दिवा असह्य होतो, त्याला दर वेळी तीच खोली, तोच दंतवैद्य, शक्यतो दिवसाची पहिली वेळ द्यावी. ह्यासाठी वेगळी यंत्रसामग्री लागत नाही. वेळ मात्र लागतो.

अमेरिकेतील दंतमहाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या आयोगाने 2004 मध्ये एक नियम केला आणि तो 2006 पासून अमलात आला. विशेष गरजा असलेल्या रुग्णाला कोणते उपचार लागतील ह्याचे ‘मूल्यमापन’ पदवीधराला करता यावे, असे त्यात म्हटले होते. म्हणजे तपासता आले की पुरे. उपचार करता येणे बंधनकारक नव्हते. ही उणीव दूर करणारा सुधारित नियम 2020 मध्ये लागू झाला. त्यापूर्वी 2018 मध्ये तेथील दंतवैद्यांच्या संघटनेने आपल्या आचारसंहितेत सुधारणा करून केवळ अपंगत्वामुळे रुग्णास नाकारू नये असे स्पष्ट केले. मात्र स्वतःला कौशल्य नसेल तर रुग्णास योग्य ठिकाणी पाठवावे, अशी मुभाही ठेवली. ही मुभा प्रामाणिक आहे, पण तिच्यातच पळवाट आहे. प्रत्येकाने पुढे पाठविले तर शेवटी पोहोचायचे कोठे? ब्रिटनने 2008 मध्ये ह्या सेवेला स्वतंत्र विशेषज्ञतेचा दर्जा दिला. ते स्वागतार्हच. तथापि विशेषज्ञ निर्माण झाला की बाकीच्यांची सदसद्विवेकबुद्धी निवांत होते, हा धोका आम्हांला दिसतो. पूर्ण भूल देऊनच उपचार करावे लागतील असे रुग्ण थोडे. उरलेल्यांना गल्लीतला साधा दंतवैद्यच हवा असतो.

आपल्या देशात 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात अपंगत्व हा घटक असावा असेही सांगितले. कायद्याचे शब्द बाह्यरुग्ण विभागापर्यंत पोहोचताना मात्र एका वहीपाशी अडतात. दंतमहाविद्यालयात विद्यार्थ्याला ठरावीक संख्येने दात काढून, भरून, कवळ्या करून त्या वहीवर सह्या घ्याव्या लागतात. तीन भेटींनंतरही ज्याचा एकही दात भरून होत नाही, तो रुग्ण ह्या हिशेबात तोट्याचा. विद्यार्थी त्याला टाळतो, आणि ‘जमणार नाही’ हे उत्तर तेथेच जन्म घेते.

घाईतून दुसरेही पाप उद्भवते. ओरडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करण्याची रीत दंतवैद्यकात कित्येक दशके शिकविली गेली. अमेरिकेच्या बालदंतवैद्यांच्या अकादमीने ती आपल्या मार्गदर्शक तत्त्वांतून 2006 मध्ये काढली. रुग्णाला हलू न देणे कधी त्याच्याच सुरक्षिततेसाठी आवश्यक असते, हे आम्ही नाकारीत नाही. पण ते त्याच्यासाठी आहे की बाहेर ताटकळणाऱ्या रांगेसाठी, हे ओळखण्याचेही शिक्षण असावे लागते.

कोणी विचारील, मग ह्या दुबळ्यांना शिकाऊ हातांखाली द्यायचे काय? आक्षेप खरा आहे. गरीब रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या असेच शिकाऊ हातांखाली आले, आणि त्यांची संमती कोणी फारशी विचारली नाही. म्हणूनच येथे अनुभवी शिक्षक शेजारी असावा, आणि पालकांबरोबर त्या व्यक्तीलाही तिला कळेल तेवढे सांगून विचारावे. परंतु तिला वाचविण्याच्या नावाखाली विद्यार्थ्याला दूर ठेवले, तर पुढे तिच्या वाट्याला येणारा दंतवैद्य अशिक्षितच राहील, आणि तेव्हा शेजारी शिक्षकही नसेल.

तेव्हा आम्ही महाविद्यालयांना एकच विचारू. ‘रुग्ण आज खुर्चीत बसला, आरसा तोंडात घेऊ दिला’ एवढीच नोंद विद्यार्थ्याने वहीत केली, तर तिच्याखाली प्राध्यापक सही करतील काय?