सोयरिकीआधीची चाचणी

टे-सॅक्स या आनुवंशिक आजाराचे मूल जन्मते तेव्हा निरोगी दिसते. सहाएक महिन्यांनंतर ते शिकलेले विसरू लागते. कुशीवर वळणे थांबते, नजर हरवते, साध्या आवाजानेही ते दचकते आणि बहुधा पाच वर्षांच्या आत दगावते. हेक्सोसअमिनिडेज-ए हे विकर नसल्याने चेतापेशींत मेद साचत जातो. आईवडील दोघेही या आजाराच्या जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात असे मूल होण्याची शक्यता 25 टक्के असते. पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यूंमध्ये साधारण 30 जणांमागे एक वाहक आढळतो.

1970 च्या दशकात गर्भजल तपासून हे निदान होऊ लागले आणि ज्यू धर्मशास्त्रापुढे गर्भपाताचा पेच उभा राहिला. मिश्ना हा ज्यूंचा प्राचीन धर्मनियमसंग्रह सांगतो की बाळंतीण अडली आणि तिच्या जिवावर बेतले, तर गर्भ कापून काढावा, कारण तिचा जीव आधी. मूल बहुतांशी बाहेर आले असेल, तर मात्र त्याला हात लावू नये. म्हणजे गर्भ पूर्ण माणूस नव्हे. पण मग आईच्या जिवाहून लहान कारण पुरते का? न्यूयॉर्कचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) मोशे फाइनस्टाइन यांनी ठाम नकार दिला. त्यांच्या मते गर्भपात हा हत्येचाच प्रकार, बाळाच्या आजाराने तो क्षम्य होत नाही. जेरुसलेमचे रब्बी एलिएझर वाल्डनबर्ग यांनी टे-सॅक्ससाठी सातव्या महिन्यापर्यंत मुभा दिली. डोळ्यांदेखत मूल विझताना पाहणाऱ्या आईची मनोवेदना शरीराच्या वेदनेपेक्षा कमी नाही, हा त्यांचा आधार होता. आईच्या दुःखाला शास्त्रात जागा देणारा हा निवाडा धाडसाचा होता.

कर्मठ ज्यू समाजाने बहुधा फाइनस्टाइन यांचेच ऐकले. त्यामुळे गर्भ राहण्याआधीच वाट काढणे भाग होते. या आजाराने चार मुले गमावलेल्या रब्बी जोसेफ एकस्टाइन यांनी 1983 मध्ये ब्रुकलिनला ‘दोर येशोरिम’ ही संस्था काढली. लग्नाच्या वयाला येणाऱ्या मुलामुलींचे रक्त तपासायचे आणि निकालाऐवजी फक्त एक क्रमांक हाती द्यायचा, अशी तिची रीत. स्थळ आले की दोघांचे क्रमांक कळवायचे. उत्तर येते ते जोडी जुळते की नाही, एवढेच. एकटाच वाहक असेल, तर त्याला ते कधीच कळत नाही.

घराण्याला बोल लागून बहिणींची लग्ने अडू नयेत, म्हणून हे मौन. त्याने अनेक घरे सावरली, पण स्वतःच्या रक्तातली गोष्ट माणसापासून दडवली. वाहक आजारी नसतो. हे उघड सांगितले असते, तर डाग मानण्याची समजूतच ढिली झाली असती. मौनाने ती जपली.

चाचणीविना लग्न झालेल्या जोडप्यांचा प्रश्न उरतोच. आता प्रयोगशाळेत भ्रूण तपासून निरोगी तोच गर्भाशयात ठेवता येतो. पहिल्या 40 दिवसांतला गर्भ म्हणजे निव्वळ पाणी, असे मिश्नेवरील चर्चेच्या तालमूद या ग्रंथात एक मत आहे. शिवाय हा भ्रूण अजून गर्भाशयाबाहेर असतो. म्हणून गर्भपाताला विरोध करणारे अनेक रब्बीही ही तपासणी मान्य करतात.