अर्धवट थांबवलेला डाव

आमच्या एका अर्थतज्ज्ञ स्नेह्यांनी मध्यंतरी हॉकीवाल्या आईबापांची जाहीर हजेरी घेतली. ऑलिंपिकला 16 खेळाडू जातात. तेवढ्यासाठी पोराची दहावी पणाला लावणे हा जुगार, असे त्यांचे म्हणणे. आयआयटीच्या सुमारे अठरा हजार जागांसाठी 12 लाखांहून अधिक मुले परीक्षेला बसतात, त्याला मात्र ते जिद्द म्हणतात. असो.

जुगाराचा विषय त्यांनीच काढला, तर मुळाशी जाऊ. तीन डाव आधी जिंकेल त्याची सगळी रक्कम, असा खेळ मध्येच थांबला तर पैसे कसे वाटायचे? पाचोली या हिशेबनिसाने 1494 साली सांगितले, जितके डाव जिंकले त्या प्रमाणात. 1654 साली पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांनी पत्रापत्री करून ते मोडीत काढले. जिंकलेले डाव मोजू नका, उरलेल्या डावांत काय काय घडू शकते ते मोजा. 64 नाण्यांच्या खेळात एकाचे दोन डाव आणि दुसऱ्याचा एक झाला असेल, तर पहिल्याला 48 नाणी. पाचोलीच्या हिशेबाने त्याला 43च्या आतच मिळाली असती.

आपले बहुतेक पालक पाचोलीचे शिष्य. ‘आठ वर्षं घातली, आता कसं सोडायचं?’ पोराचा गुडघा सुजलेला, विभागीय निवडीत नाव नाही, तरी नवी स्टिक येते. इथे पास्कल स्नेह्यांच्या बाजूने उभा राहतो, हे मान्य करायला हवे.

पण पास्कलच्या खेळात सगळी रक्कम एकाच विजेत्याची असते. हॉकीत तसे कधी नव्हते. पुण्यात खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मोडक्या स्टिक बांधून खेळत धनराज पिल्ले मोठा झाला. तो चार ऑलिंपिक खेळला हे सगळ्यांना ठाऊक. त्याआधी त्याचा थोरला भाऊ मुंबईत खेळत होता, धनराज त्याच्याकडे गेला, महिंद्राच्या संघात आणि पुढे इंडियन एअरलाइन्समध्ये पोचला, हे कमी आठवते. रेल्वे, पोलीस, सैन्य, तेल कंपन्या: भारताची जर्सी न मिळालेल्यांचे संसार यांच्यावर उभे राहिले. खडकीतल्या आईबापांना जुगारी म्हणणारा त्यांच्यापुढचे दुसरे पर्याय कधी मोजतो का? सुखवस्तू कोथरूडच्या मुलाला हॉकी हा धोका असेल. खडकीच्या मुलाला ती नोकरीची रांग होती, आणि त्यातल्या त्यात सरळ.

‘होती’ म्हणताना मात्र माझाच मुद्दा लंगडा पडतो. इंडियन एअरलाइन्स एअर इंडियात विलीन झाली आणि जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे; त्यात ट्रॅम्पोलिनची बोगस प्रमाणपत्रे घेऊन मंडळी घुसल्याचे उघड झाले. वर, हॉकी इंडिया लीगच्या 2024च्या लिलावात हरमनप्रीत सिंगला 78 लाखांची बोली लागली. शिखरावरचा पैसा वाढतो आहे आणि मधल्या पायऱ्या निखळताहेत. म्हणजे रक्कम खरोखरच पास्कलच्या खेळातल्यासारखी मोजक्या विजेत्यांकडे चालली आहे. स्नेह्यांचे गणित कालच्या हॉकीला लागू नव्हते. उद्याच्या हॉकीला ते लागू पडेल, अशी व्यवस्था आपण करतो आहोत.

मग हजेरी कोणाची घ्यायची? सरकारी कंपन्या विकून टाकाव्यात, असे याच स्नेह्यांनी वर्षानुवर्षे लिहिले आहे. त्या विक्रीच्या ताळेबंदात खडकीच्या पोराची नोकरी कुठल्या रकान्यात धरली होती, तेवढे त्यांनी पुढच्या लेखात सांगावे.