ओलीवरचं पीक

कार्तिक उतरणीला लागला आहे. दिवस उगवायला अजून वेळ आहे. तुम्ही जिथे असाल तिथे पाठ टेकून बसा आणि मनाने लातूरच्या दक्षिणेला या, औसा-निलंग्याच्या काळ्या रानात. बांधावर एखादा सपाट दगड पाहा आणि त्यावर बसा. दगड गार असेल. तो गारठा अंगात शिरू द्या. घोंगडी खांद्यावर ओढून घ्या. काही शोधायचं नाही, कुठे पोचायचं नाही.

आधी वर पाहा. कृत्तिकांचा पुंजका पश्चिमेला टेकला आहे, त्याच्या मागोमाग मृग उतरतो आहे. परतीचा पाऊस जाऊन महिना होत आला. ढग नसले की जमिनीने दिवसभर घेतलेली ऊब रात्री वर निघून जाते. ज्वारीची पानं भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात, आणि हवेतली वाफ त्यांच्यावर पाणी होऊन बसते. हेच दहिवर. पानावरून ओघळत ते पोंग्यात उतरतं. ज्वारीला दहिवर मानवतं, असं जुनी माणसं सांगत आली आहेत.

आता श्वासाकडे या. आत येणारी हवा नाकाला गार लागते, बाहेर जाताना ती ऊन झालेली असते. तेवढंच ध्यानात घ्या. पाच-सहा श्वास असेच जाऊ द्या.

मग नजर खाली आणा. गुडघ्याच्या वर आलेली ज्वारी, तिच्या पलीकडे चार बोटं उगवलेला हरभरा, कडेला करडईच्या दोन-चार ओळी, आणि पिवळ्या फुलांवर आलेली तूर. या तुरीला सध्या एकच धास्ती आहे, धुईची. सलग दोन-तीन सकाळी दाट धुई पडली की फुलं गळतात. आज धुई नाही. रान शांत आहे.

या रानाबद्दल एक गोष्ट मनात धरा आणि बराच वेळ धरून ठेवा. पाऊस संपला आहे, आणि पीक वाढतंच आहे.

वरून एक थेंब न येता हे हिरवं कशावर उभं आहे? दगड झिजून, हजारो वर्षांनी झालेली ही काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसून फाटते, आणि मधल्या काळात पाणी पोटात धरून ठेवते. जून ते सप्टेंबर जे पडलं, त्यातलं वाहून गेलं ते गेलं. जे मुरलं त्यावर ज्वारी माघापर्यंत निघते. तिची मुळं चार-पाच फूट खाली ओल शोधत जातात. मालदांडी ३५-१ हा वाण स्वातंत्र्याच्या आधी सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर निवडला गेला. त्यानंतर किती नवे वाण आले, तरी या भागातला शेतकरी भाकरीसाठी आणि कडब्यासाठी अजून मालदांडीच मागतो. ओलीवर तग धरणं तिला ठाऊक आहे.

पण ओल आपोआप टिकत नाही. इथे थोडं थांबा. माती वरून कडक झाली, भेगा पडल्या, की त्या भेगांवाटे खालची ओल उडून जाते. भेग रुंदावली की मुळंही तुटतात. म्हणून पिकात कोळपं घालतात. वरची बोटभर माती भुसभुशीत केली की तीच खालच्या ओलीवर झाकण होते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हे शेतातलं जुनं म्हणणं आहे. पाणी देण्याची सोय नसलेल्या माणसाने पाणी राखण्याची काढलेली ही वाट मला फार मोठी वाटते. ज्या जिल्ह्याला २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आलं, त्या जिल्ह्यात तर तिची किंमत वेगळी सांगायला नको. आणि याच मराठवाड्यात २०२५च्या सप्टेंबरात इतकं पाणी कोसळलं की कित्येकांच्या शेतातली मातीच खरडून गेली. ज्यांची माती गेली त्यांच्याकडे त्या वर्षी ओल धरायलाही काही उरलं नाही. त्यांची आठवण मनातून बाजूला सारू नका. तीही इथे, या बांधावर, तुमच्या शेजारी बसू द्या.

आता मान वळवा. गोठ्याच्या अंगाला, चिंचेखाली, जुना ट्रॅक्टर उभा आहे.

तो एचएमटी २५११ आहे, असं समजा. पंचवीस अश्वशक्ती, दोन सिलिंडर. मूळचा रंग उन्हाने कधीच नेला. घड्याळांसाठी घराघरात माहीत असलेल्या या सरकारी कंपनीने १९७१ साली चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरशी हातमिळवणी करून हरियाणातल्या पिंजोरला ट्रॅक्टर करायला सुरुवात केली. त्याच काळातले इतर सोबतीही खेड्यापाड्यांत अजून भेटतात: महिंद्राचा बी-२७५, मॅसी १०३५, आणि पंजाबात १९७४ साली निघालेला, भारतीय अभियंत्यांनी आराखड्यापासून घडवलेला स्वराज. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय २०१६ साली झाला. ज्या देशाच्या मदतीने तो घडला, तो चेकोस्लोव्हाकियाही १९९३पासून नकाशावर नाही. हा मात्र चिंचेखाली उभा आहे, आणि हरभऱ्याचं शेवटचं रान यानेच तयार केलं.

त्याच्याजवळ जा. सावकाश. बॉनेटवर तळहात ठेवा. दहिवराने लोखंड ओलं झालेलं असेल. हाताची ऊब तिकडे जाताना जाणवेल. हात लगेच काढू नका.

चाकाखालचा दगड पाहा. म्हाताऱ्या ट्रॅक्टरची जागा नेहमी उतारावर असते. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. डिझेलच्या इंजिनात ठिणगी पाडायला काही नसतं. पिस्टन सिलिंडरातली हवा दाबतो, सोळा-सतरा पट लहान जागेत कोंडतो, आणि त्या दाबानेच हवा इतकी तापते की नोजलमधून फवारलेलं डिझेल तिच्यात पेट घेतं. आग बाहेरून आणावी लागत नाही, दाबातून निपजते. कार्तिकातल्या पहाटे मात्र सगळं उलट पडतं. हवा गार, लोखंड गार. ऑइल घट्ट झालेलं, बॅटरी निम्मी. आणि रिंगा झिजलेल्या असल्या तर दाबही कडेने निसटतो. सेल्फ दोनदा कण्हतो आणि गप्प होतो. मग चालवणारा दगड काढतो, गिअर टाकून क्लच दाबून धरतो, ट्रॅक्टर उताराला लागू देतो, आणि नेमक्या क्षणी पाय उचलतो.

तो नेमका क्षण कुणी पुस्तकातून शिकवत नाही. वडिलांच्या शेजारी मडगार्डवर बसून पोरगा तो शिकतो, पायाने आणि कानाने. डिझेलच्या नळीत हवा धरली आहे की नाही, हे इंजिनाच्या अडखळण्यावरून ओळखायचं. धरली असेल तर पाना घेऊन नट सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत. मग नट आवळायचा. तालुक्याच्या रस्त्यावर टपरीवजा गॅरेजमध्ये बसणारा मिस्त्री दुरून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या आवाजावरूनच नोजलचा दोष सांगतो. कारखान्याने सोडून दिलेलं यंत्र अशा माणसांनी धरून ठेवलं आहे. कुणी भंगारातून गिअर शोधून आणला, कुणी लेथवर बूश फिरवून घेतलं, कुणी दर मोसमात ऑइल न विसरता बदललं. रानात कोळपं आहे, इथे पाना आहे. मला त्या दोन्हींत एकच मेहनत दिसते.

इंजिन सुरू झालंय असं समजा. आधी पांढरा धूर येईल, न जळलेल्या डिझेलचा. त्याचा वास घ्या, पण जवळ उभे राहू नका. आवाज ऐका. दोन सिलिंडरांचं इंजिन संथ चालत असलं की त्याचे ठोके जवळजवळ सुटे ऐकू येतात. एका ठोक्यावर कान ठेवा, मग पुढच्यावर. मन दुसरीकडे गेलं तर पुन्हा ठोक्यावर या. धूर हळूहळू विरेल, आवाज भरीव होईल, लोखंड ऊन होऊ लागेल. तोवर काहीच करू नका. जुना चालवणारा गाडी गरम होईपर्यंत कामाला जुंपत नाही. तोही असाच उभा राहतो.

त्या उभ्या राहण्यात सुगी आठवा.

महिनाभरापूर्वी याच अंगणात सोयाबीनची रास झाली. बायांच्या टोळीने उक्तं घेऊन काढणी केली. कमरेत वाकून, वाळलेल्या शेंगांची टोकं तळहाताला टोचत, उन्हाच्या आत एकेक रान आडवं केलं. काढलेलं सोयाबीन गंजीला लागलं, गंजीवर ताडपत्री आली, ताडपत्रीवर दगड आले. आणि संध्याकाळी ईशान्येला वीज चमकली की सगळ्यांच्या माना तिकडे वळायच्या. भिजलेल्या शेंगेला मोड यायला वेळ लागत नाही. वाचलं तरी बाजारात आडत्याच्या यंत्रात ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की भाव खाली. जी ओल जमिनीत असली की वरदान, तीच दाण्यात राहिली की तोटा. ती कुठे राहील यावर वर्षाचा हिशेब ठरतो, आणि त्यातलं फार थोडं माणसाच्या हातात असतं. हे ज्याने जन्मभर सोसलं आहे त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. तुमच्या ओळखीचाच कुणी असेल.

रास करताना ट्रॅक्टर एका जागी उभा असतो. मागचा शाफ्ट मिनिटाला पाचशे चाळीस फेरे घेत मळणीयंत्राला फिरवतो. भुसा उडतो, कूस अंगाला लागून रात्रभर खाज सुटते, दाणे पोत्यात पडतात. मैलभरही न हलता तो वर्षाचं सगळ्यात मोठं काम करून जातो. म्हणून ट्रॅक्टरचं वय किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांत मोजतात.

त्या शाफ्टपाशी जरा जास्त वेळ थांबू या. पत्र्याचं झाकण नसलेल्या फिरत्या शाफ्टने कितीतरी पदर, कितीतरी बाह्या ओढून घेतल्या आहेत. मळणीयंत्राच्या तोंडात घास सारताना कितीतरी हात गेले आहेत. जवळपास प्रत्येक गावात अशी एक बाई किंवा एक माणूस असतो, आणि त्या घरापुढून जाताना लोकांचा आवाज खाली येतो. आपल्या ताटातल्या तेलामागे, खव्यागत मऊ भाकरीमागे हेही आहे. झाकण बसवायला फार पैसे लागत नाहीत. पदर खोचून, केस बांधून, यंत्र बंद करूनच अडकलेलं काढा, हे सांगायला तर काहीच लागत नाही. तरी ते राहून जातं, कारण ढग चढलेले असतात आणि गंजी उघडी असते. ज्यांचे हात गेले त्यांच्यासाठी एक श्वास सावकाश घ्या. सोडतानाही सावकाश सोडा.

गोठ्याकडे पाहा. दावणी चार, जनावरं दोन, त्यातली एक म्हैस. ट्रॅक्टर आला तेव्हा बैल गेले. बैलांच्या मागे शेणखत गेलं, आणि खताच्या मागे मातीची ओल धरायची ताकदही थोडी उणावली. सेंद्रिय अंश कमी झाला की माती पाणी कमी धरते. ट्रॅक्टर आला नसता तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार नाही. मे महिन्याच्या उन्हात बैलामागे नांगर धरून दिवसभर चाललेल्या माणसाला विचारून पाहा. पण या दोन गोष्टी एकाच घरात घडल्या आहेत, त्या एकत्रच पाहायला हव्यात.

ट्रॅक्टर घेताना सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढला होता. हप्ते सुगीच्या सुगीला फिटले. काही वर्षं फिटले नाहीत, तेव्हा घरातलं सोनं गेलं, एका मुलीचं शिक्षण मधेच थांबलं. आता बोजा उतरला आहे. शेजारच्या शिवारात चकचकीत नवा पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आला, त्याचं बळ दुप्पट आहे, रोटाव्हेटर सहज ओढतो. हा जुना तेवढं ओढत नाही. पण त्याच्यासाठी आता कुणाला रात्री हिशेबाची वही उघडावी लागत नाही.

तुमच्या आयुष्यातही असं काही असेल, ज्याचा पाऊस कधीच पडून गेला आणि जे अजून तुम्हाला पोसतं आहे. एखादं माणूस, एखादं हातात भिनलेलं काम, लहानपणी कानावर पडलेली एखादी भाषा. नाव घ्यायची गरज नाही. त्यावर भेगा कुठे पडल्या आहेत एवढं मात्र पाहा. शेवटची कोळपणी कधी केली होती, तेही आठवा. उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल.

दिवस कासराभर वर आला. पानांवरचं दहिवर सुकू लागलं आहे. महिना-दीड महिन्यात वेळ अमावस्या येईल. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी लातूर-धाराशिवकडची गावं रिकामी होतात आणि रानं भरतात. कडब्याची कोप उभी राहते, आत पांडव मांडून पूजा होते, भज्जी, उंडे आणि मडक्यातली आंबील सोबतीला असते. पुण्या-मुंबईहून आलेली पोरं, शेजारी, पाहुणे, ज्याचं शेत नाही तोही, सगळे कुणाच्या ना कुणाच्या रानात जेवतात. म्हाताऱ्यांना चालवत नाही, म्हणून ट्रॉलीत सतरंजी अंथरली जाते आणि हाच ट्रॅक्टर त्यांना घेऊन निघतो.

तोवर कामं आहेत. रेडिएटरचं पाणी पाहायचं आहे, पुढच्या डाव्या टायरला हवा कमी आहे, हरभऱ्यात पहिली कोळपणी राहिली आहे. घोंगडीची घडी करा, उठा, गुडघे मोकळे करा. कोळपं गोठ्याच्या मागच्या भिंतीला टेकवलेलं आहे.