पुराची रेघ

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर आमच्या जुन्या घरात शिरला. पाणी ओसरलं, पण सपरीच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर रेघ राहिली. पुढं घर विकायचं ठरलं. पोरगा म्हणे, "बाबा, चुना मारून टाका. रेघ दिसली त घर कोन घेईन?"

त्याचंही खरंच होतं. बाजारात बैल न्यायचा तर आपण त्याला धुतो, शिंगं रंगवतो. त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही, कारण घेणारा जबडा उघडून दात पाहतो. घराला दात नसतात. त्याचं दुखणं भिंतीवरच असतं. ते पुसलं की घेणाऱ्यानं पाहावं काय?

मी कवेलू फेरले, चुनाही मारला. रेघ झाकली गेली. गिऱ्हाईक आलं तेव्हा त्याला भिंतीपाशी नेलं अन् छातीवर हात ठेवून सांगितलं, "पाणी इथवरी आलं होतं, भाऊ." त्यानं भाव पाडला. पोरगा दोन दिवस बोलला नाही.

पैसे कमी आले, ते मलाही डाचतं. पण त्या सपरीत आता दुसऱ्याची लेकरं झोपतात. नदी फुगली तर त्यांना कधी उचलायचं, हे त्यांच्या बापाला ठाऊक आहे.