सातबारा आहे, म्हणून?

"सातबारा नावावर आहे ना? मग शिकवणीचे पैसे शेतीत दाखव!" नोकरी सांभाळून ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्या मला खोडदमध्ये हा सल्ला नेहमी मिळतो. १९६१ च्या आयकर कायद्याने शेतीचं उत्पन्न करमुक्त ठेवलं. मग यात नुकसान कोणाचं?

सरकारचं, हे उघड उत्तर. पण मला शेजारचा शेतकरी दिसतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव पडला, तर त्याचा हंगाम बुडतो. माझी फी ठरलेली. त्याची जोखीम न घेता मी त्याची सवलत वापरली, तर उद्या त्याच्या खऱ्या उत्पन्नावरही संशय येईल.

म्हणून रिटर्नमध्ये मी फी वेगळी दाखवते. इंटरनेटचा खर्चही शिकवणीपुरताच वजा करते. सूट पिकाला आहे, सातबाऱ्याला नाही.